काटा, कॅमेरे आणि बॅकअप एकाच डिस्कवर: लिनक्समध्ये प्रक्रियांच्या गटाला डिस्कचा वेग कसा बांधून द्यायचा

दिवाळीच्या सुमारास कापूस यायला लागला की शिरपूर-चोपडा पट्ट्यातल्या जिनिंगच्या फाटकावर ट्रॅक्टरांची रांग लागते. गाडी काट्यावर चढते, वजन पडद्यावर येतं, ऑपरेटर पावतीचं बटण दाबतो आणि प्रिंटर गप्प. मागच्या ट्रॅक्टरचा हॉर्न सुरू होतो. मग फोन येतो: “भाऊ, पावती निंघी नही ऱ्हायनी.”

अशा वेळी मशीन बघितलं तर प्रोसेसर निवांत असतो, रॅम शिल्लक असते, नेटवर्कही ठीक असतं. गाडी अडते डिस्कवर. बहुतेक ठिकाणी एकच असेंबल केलेला संगणक सर्व्हर म्हणून चालतो आणि त्यात मिनिटाला ७२०० फेऱ्यांनी फिरणारी एकच डिस्क असते. तिच्यावर बिलिंगचा डेटाबेस, आठ कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग आणि बॅकअप. रात्री वीज राहीलच याचा भरवसा नाही, म्हणून बॅकअप दुपारी लावलेला असतो, म्हणजे नेमका काट्यावर गर्दी असताना.

बॅकअपला, किंवा अशा कुठल्याही हावरट कामाला, डिस्कचा ठरावीक हिस्साच कसा द्यायचा ते आता बघू. लिनक्समध्ये हे सीग्रुप या सोयीने होतं: प्रक्रियांचा, म्हणजे चालू प्रोग्रामांचा, गट करायचा आणि मर्यादा त्या गटाला घालायची. गटातली एक प्रक्रिया दहा पोरं जन्माला घालेना का, सगळ्यांचा मिळून हिशेब एकच. आज्ञा आणि फायलींची नावं खाली उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थात रोमनमध्येच टाइप करायची.

आधी चोर ओळखा

मर्यादा घालायच्या आधी कोण कोणाला अडवतंय हे डोळ्यांनी बघा. काटा अडकलेला असतानाच हे चालवा:

आयओस्टॅट -एक्स २

दर दोन सेकंदांनी डिस्कचा हिशेब येतो. आर_अवेट आणि डब्ल्यू_अवेट हे दोन रकाने बघा. एका वाचनाला किंवा लिखाणाला सरासरी किती मिलिसेकंद लागले ते तिथे दिसतं. फिरत्या डिस्कवर हा आकडा १०-१५ च्या घरात असेल तर ठीक, शेकड्यात गेला तर रांग लागली आहे. मग सुडो आयओटॉप -ओ चालवा. त्यात फक्त प्रत्यक्ष डिस्क वापरणाऱ्या प्रक्रिया दिसतात. पहिल्या दोन ओळींतच गुन्हेगार सापडतो.

तिसरी खूण मला सगळ्यात विश्वासाची वाटते: /प्रॉक/प्रेशर/आयओ ही फाइल. ही सोय कर्नल (लिनक्सचा गाभा) ४.२० पासून आहे. तिच्यात सम आणि फुल अशा दोन ओळी असतात. सम ओळीत एव्हीजी१० समोर ४० दिसलं, तर गेल्या दहा सेकंदांपैकी ४० टक्के वेळ कुठलं ना कुठलं काम डिस्कची वाट बघत ताटकळत होतं. फुलचा अर्थ त्याहून वाईट: त्या वेळात ज्यांना काम करायचं होतं ती सगळीच कामं अडकलेली होती. रेड हॅटसारख्या काही वितरणांत ही नोंद मुळात बंद असते; तिथे बूटच्या ओळीत पीएसआय=१ घालावं लागतं. सुरुवातीचा आकडा कागदावर टिपून ठेवा, मर्यादा लावल्यावर तुलनेला तोच लागतो.

इथे एक स्पष्ट मत. डेटाबेससाठी वेगळी छोटी एसएसडी घालणं परवडत असेल तर ते आधी करा. निम्म्या ठिकाणी तेवढ्यानेच प्रश्न सुटतो. मात्र हंगामाच्या मध्ये मशीन उघडायला कोणी तयार नसतं, आणि एसएसडीवर गेल्यावरही उरलेल्या कामांना शिस्त लागतेच.

सीग्रुपची कोणती आवृत्ती आहे

स्टॅट -एफसी %टी /सिस/एफएस/सीग्रुप

उत्तर सीग्रुप२एफएस आलं तर दुसरी आवृत्ती चालू आहे. टीएमपीएफएस आलं तर जुनी. डेबियन ११, उबुंटू २२.०४, फेडोरा ३१ आणि त्यापुढच्या वितरणांत दुसरी आवृत्तीच असते. जुन्या आवृत्तीवर वेळ घालवू नका, त्याला ठोस कारण आहे. आपण फाइल कॉपी करतो तेव्हा डेटा आधी रॅममध्ये जातो आणि कर्नल तो मागाहून सवडीने डिस्कवर उतरवतो. जुन्या आवृत्तीत हे मागाहून होणारं लिखाण कोणाच्या खात्यात टाकायचं तेच कळत नसे. त्यामुळे मर्यादा घातली तरी साध्या कॉपीवर तिचा परिणाम होत नसे. दुसऱ्या आवृत्तीत मेमरीचा आणि डिस्कचा हिशेब एकत्र जोडला आहे, म्हणून लिखाण ते करणाऱ्या गटाच्याच नावावर पडतं. ही आवृत्ती कर्नल ४.५ मध्ये, २०१६ साली, अधिकृत झाली.

डिस्कचा नंबर

एलएसबीएलके चालवा. दुसऱ्या रकान्यात ८:०, ८:१ असे जोडआकडे दिसतात. एसडीए ही अख्खी डिस्क ८:० असते आणि तिचं पहिलं पार्टिशन ८:१. मर्यादा अख्ख्या डिस्कलाच लागते. ८:१ दिलात तर असं साधन नाही म्हणून कर्नल परत पाठवतो.

हाताने चाचणी

पक्कं करण्याआधी एकदा हाताने करून बघा, म्हणजे आत काय चालतं ते कळतं. आधी सीग्रुप.सबट्री_कंट्रोल या फाइलीत आयओ आणि मेमरी ही दोन्ही नावं आहेत का बघा:

कॅट /सिस/एफएस/सीग्रुप/सीग्रुप.सबट्री_कंट्रोल

नसतील तर ती चालू करा, मग गट करा आणि मर्यादा लिहा:

एको "+आयओ +मेमरी" | सुडो टी /सिस/एफएस/सीग्रुप/सीग्रुप.सबट्री_कंट्रोल
सुडो एमकेडीआयआर /सिस/एफएस/सीग्रुप/चाचणी
एको "८:० डब्ल्यूबीपीएस=१०४८५७६०" | सुडो टी /सिस/एफएस/सीग्रुप/चाचणी/आयओ.मॅक्स
एको $$ | सुडो टी /सिस/एफएस/सीग्रुप/चाचणी/सीग्रुप.प्रॉक्स

मधे टी का? कारण सुडो एको करून बाणाने फाइलीत लिहायला गेलात तर बाणाचं काम तुमचं साधं शेल करतं, सुडो नाही, आणि परवानगी नाकारली जाते. १०४८५७६० म्हणजे सेकंदाला १० मेबीबाइट. या फाइलीत १०एम असं आखडून लिहू नका, पूर्ण बाइट द्या. शेवटच्या ओळीने चालू शेलच गटात गेलं, आता त्यातून सुटणारी प्रत्येक आज्ञा गटातच राहील. मग लिहून बघा:

डीडी आयएफ=/डेव्ह/झीरो ओएफ=चाचणी.बिन बीएस=१एम काउंट=२०० ओफ्लॅग=डायरेक्ट

दोनशे मेबीबाइटला साधारण २० सेकंद लागले की मर्यादा चालते आहे. ओफ्लॅग=डायरेक्ट विसरलात तर डीडी रॅममध्ये लिहून लगेच मोकळं होईल आणि तुम्हाला वाटेल काहीच झालं नाही. वाचनाची चाचणी घेतानाही तसंच: आधी वाचलेली फाइल रॅममधूनच मिळते, डिस्कला हात लागत नाही, म्हणून तिथे आयफ्लॅग=डायरेक्ट.

आयओ.मॅक्समध्ये चार किल्ल्या आहेत. आरबीपीएस आणि डब्ल्यूबीपीएस सेकंदाला किती बाइट ते सांगतात, आरआयओपीएस आणि डब्ल्यूआयओपीएस सेकंदाला किती फेऱ्या, म्हणजे वाचन-लिखाणाच्या खेपा, ते. मर्यादा काढायची तर आकड्याच्या जागी मॅक्स लिहा. चाचणी संपल्यावर शेल बंद करा आणि दुसऱ्या शेलमधून सुडो आरएमडीआयआर करून गट काढा. आरएम -आर इथे चालत नाही.

कायमची व्यवस्था

हाताने केलेला गट रीबूटला जातो, शिवाय गटांच्या त्या झाडाची मालकी सिस्टमडीकडे, म्हणजे लिनक्समधल्या सगळ्या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रामकडे, असते. तेव्हा रोजच्या कामासाठी सिस्टमडीलाच सांगायचं. सिस्टमडी अशा गटाला स्लाइस म्हणतं. /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम/बॅकअप.स्लाइस ही फाइल करा:

[स्लाइस]
आयओअकाउंटिंग=येस
आयओरीडबँडविड्थमॅक्स=/डेव्ह/एसडीए २५एम
आयओरीडआयओपीएसमॅक्स=/डेव्ह/एसडीए ३०
आयओवेट=२०
मेमरीहाय=५१२एम

टाइप करताना आय आणि ओ कॅपिटल, पुढच्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल, आणि आयओपीएस येईल तिथे त्याची आय, ओ, पी, एस ही चारही. इथे एम चालतो, पण आयओच्या ओळींत तो हजाराच्या पटीतला आहे: २५एम म्हणजे २,५०,००,००० बाइट. एसडीएऐवजी /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी खालचं लांबलचक नाव दिलंत तर जास्त चांगलं, कारण यूएसबी डिस्क काढून घातली की एसडीबीची एसडीसी व्हायला वेळ लागत नाही.

स्लाइसच्या नावात आडवी रेघ टाकताना जपून. सीसीटीव्ही-बॅकअप.स्लाइस असं नाव दिलंत तर सिस्टमडी तिला सीसीटीव्ही.स्लाइसच्या पोटात बसवतं आणि वरच्या गटाची मर्यादा तिलाही लागते.

आता बॅकअपच्या सर्व्हिस फाइलीत, सर्व्हिसच्या विभागात, एक ओळ घाला: स्लाइस=बॅकअप.स्लाइस. मग सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड. एखादी आज्ञा तेवढ्यापुरतीच गटात चालवायची असेल तर:

सुडो सिस्टमडी-रन --स्कोप --स्लाइस=बॅकअप.स्लाइस आरसिंक -ए /डेटा/ /मीडिया/बॅकअप/

सुडो गाळून --यूजर लावलंत तर मेमरीची मर्यादा लागेल, डिस्कची लागणार नाही. साध्या वापरकर्त्याच्या हाती डिस्कचा नियंत्रक मुळात दिलेलाच नसतो.

काट्याची वेळ संपल्यावर बॅकअपला मोकळं सोडायचं तर फाइल बदलायची गरज नाही:

सुडो सिस्टमसीटीएल सेट-प्रॉपर्टी --रनटाइम बॅकअप.स्लाइस "आयओरीडबँडविड्थमॅक्स=/डेव्ह/एसडीए ८०एम"

फेऱ्यांची मर्यादाही याच पद्धतीने वाढवा, नाहीतर ३० चा अडसर तसाच राहील. सकाळी घट्ट, रात्री सैल अशी दोन टायमर लावून ठेवली की हंगामभर बघावं लागत नाही. रनटाइममुळे हा बदल रीबूटनंतर जातो आणि फाइलीतला मूळ आकडा परत येतो.

आकडा किती ठेवायचा

इथेच बहुतेक जण अडखळतात, कारण सगळे मेगाबाइटमध्ये विचार करतात. ७२०० फेऱ्यांची डिस्क एक चक्कर ८.३३ मिलिसेकंदांत मारते. हवा तो भाग डोक्याखाली यायला सरासरी अर्धी चक्कर, म्हणजे ४.१७ मिलिसेकंद. डोकं जागेवर जायला आणखी आठ-नऊ. एका विखुरलेल्या वाचनाला एकूण १२-१३ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला जेमतेम ७५ ते ८० वाचनं. तीच डिस्क सलग वाचताना मात्र सेकंदाला १०० मेगाबाइटच्या पुढे सहज जाते.

समजा बॅकअपमध्ये पावत्यांच्या स्कॅनच्या हजारो छोट्या फायली आहेत. प्रत्येक वाचन २० किलोबाइटचं धरा. ८० वाचनं झाली की डिस्क पूर्ण गुंतली, आणि वाहून नेलं किती? सेकंदाला १.६ मेगाबाइट. तुमची २५ मेगाबाइटची मर्यादा कुठेतरी वर हवेत लटकत राहते, तिला कोणी शिवतही नाही, आणि काटा अडकतोच. म्हणून फिरत्या डिस्कवर फेऱ्यांची मर्यादा जास्त महत्त्वाची. वर ३० दिलं आहे ते यासाठी: उरलेल्या ४५-५० फेऱ्या डेटाबेस आणि कॅमेऱ्यांना राहतात. एसएसडीवर हे गणित बदलतं, तिथे बाइटची मर्यादा पुरते.

कॅमेऱ्यांना कधीही घट्ट मर्यादा घालू नका. आठ कॅमेरे, प्रत्येकी ४ मेगाबिट, म्हणजे ३२ मेगाबिट, आणि आठने भागलं की सेकंदाला ४ मेगाबाइट. हा प्रवाह थांबत नाही. मर्यादा त्याच्या खाली गेली तर रेकॉर्डिंगमध्ये भोकं पडतात, आणि चोरी नेमकी त्याच भोकात झालेली असते.

मेमरीहायची ओळ का, तर बॅकअप वाचलेलं सगळं रॅमच्या कॅशमध्ये भरत जातो आणि इतरांच्या उपयोगाची पानं बाहेर ढकलतो. गटाची कॅश ५१२ मेगाबाइटच्या आसपास रोखली की बॅकअप स्वतःचीच जुनी पानं टाकून देतो.

मर्यादेऐवजी हिस्सा

आयओ.मॅक्स हा दगडी अडसर आहे. डिस्क रिकामी असली तरी बॅकअपला ३० च फेऱ्या. आयओवेटचं काम पांझरेकाठच्या फडात पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्यासारखं: सगळ्यांना पाणी हवं असेल तर ठरल्या हिश्शाने, शेजाऱ्याला नको असेल तर त्याचं पाणी पुढच्या बांधाकडे. वजन १ ते १०००० पर्यंत देता येतं, मूळ वजन १००. बॅकअपला २० आणि डेटाबेसच्या गटाला ५०० दिलं की गर्दीत डेटाबेस पुढे, आणि काटा बंद झाला की बॅकअप मोकाट. दोन्ही गट एकाच बापाच्या पोटात असतील तरच वजनांची थेट तुलना होते. डेटाबेसची सर्व्हिस सिस्टम.स्लाइसमध्ये असते आणि बॅकअप.स्लाइस तिच्या बाहेर, शेजारी. म्हणून डेटाबेसला वजन द्यायचं तर त्याचीही वेगळी स्लाइस करा.

एक मोठी अट आहे. वजन फाइलीत लिहिलं म्हणजे ते लागू झालं असं नाही. त्यामागे काम करणारं कोणीतरी चालू हवं. डिस्कच्या कामांचा क्रम लावणारा शेड्यूलर कोणता आहे ते बघा:

कॅट /सिस/ब्लॉक/एसडीए/क्यू/शेड्यूलर

चौकटी कंसात एमक्यू-डेडलाइन किंवा नन असेल तर बहुतेक वितरणांत वजनाला कोणी विचारत नाही. फिरत्या डिस्कसाठी बीएफक्यू निवडा:

सुडो मॉडप्रोब बीएफक्यू
एको बीएफक्यू | सुडो टी /सिस/ब्लॉक/एसडीए/क्यू/शेड्यूलर

रीबूटनंतरही राहावं म्हणून यूडेव्हचा नियम लिहावा लागतो. दुसरा मार्ग कर्नल ५.४ पासूनच्या आयओकॉस्टचा: सगळ्यात वरच्या मूळ (रूट) गटातल्या आयओ.कॉस्ट.क्यूओएस या फाइलीत "८:० एनेबल=१" लिहायचं. तो वेगवान एसएसडीवर जास्त शोभतो; साध्या डिस्कवर मी बीएफक्यूच लावतो. कामाला डिस्कच्या रांगेत शेवटचा नंबर देणाऱ्या आयओनाइस -सी३ चा सल्लाही सगळीकडे दिला जातो, पण शेड्यूलर नन असेल तर त्याने काडीचाही फरक पडत नाही.

फक्त वजनाने भागतं का? शांत दिवशी हो. काट्याच्या गर्दीत मात्र मला अडसर आणि हिस्सा दोन्ही लागतात. म्हणूनच वरच्या फाइलीत दोन्ही ओळी आहेत.

मर्यादा निसटते ती इथून

सगळं बरोबर लिहूनही परिणाम दिसत नसेल तर बहुधा काम तुमच्या गटात होतच नसतं. कुठलीही प्रक्रिया कोणत्या गटात आहे ते /प्रॉक/ पुढे तिचा पीआयडी (प्रक्रियेचा क्रमांक) आणि मग /सीग्रुप या फाइलीत दिसतं. आधी ते बघा.

सगळ्यात फसवं उदाहरण डेटाबेसची प्रत काढणाऱ्या मायएसक्यूएलडम्पचं. ते बॅकअप.स्लाइसमध्ये बसवलं म्हणून डेटाबेसचं वाचन मर्यादेत येत नाही, कारण डिस्कवरून वाचतो तो मारियाडीबी या डेटाबेसचा सर्व्हर, आणि तो आपल्या स्वतःच्या गटात बसलेला असतो. डम्प फक्त त्याच्याकडून ओळी मागून घेतो. उपाय उलट बाजूने: डम्पच्या लिखाणाला डब्ल्यूबीपीएसची मर्यादा घाला. लिहिणं मंदावलं की डम्प हळू मागतो, आणि सर्व्हरही हळू वाचतो. मारियाडीबीच्या सर्व्हिसला मर्यादा घालायच्या फंदात पडू नका, त्याने काटाच आवळला जाईल.

ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या क्रॉनमधून सुटणारी कामं क्रॉनच्या सर्व्हिसच्या गटात राहतात. क्रॉनच्या ओळीत सिस्टमडी-रन लावा किंवा सरळ टायमर करा.

बाहेरची यूएसबी डिस्क एनटीएफएस (विंडोजची फाइलसिस्टम) असेल तर तिच्यावरचं लिखाण गटाच्या हिशेबात धरू नका. मागाहून होणारं लिखाण गटाच्या नावावर टाकण्याची सोय ईएक्सटी२, ईएक्सटी४, एक्सएफएस, बीटीआरएफएस आणि एफ२एफएस यांच्यातच आहे. बाकी ठिकाणी ते सगळ्यात वरच्या मूळ (रूट) गटात जातं. एनटीएफएस-३जी वापरत असाल तर लिहिणारी प्रक्रियाच वेगळी असते. अशा वेळी मूळ डिस्कच्या वाचनाला मर्यादा घाला. वाचायलाच कमी मिळालं की लिहिणार किती? नेटवर्कवरून जोडलेल्या एनएफएसला तर ब्लॉक साधनच नसतं, तिथे आयओ.मॅक्सचा प्रश्नच येत नाही.

डॉकर वापरत असाल तर --डिव्हाइस-रीड-बीपीएस, --डिव्हाइस-राइट-बीपीएस आणि त्यांची आयओपीएसची भावंडं आहेत. आत तेच आयओ.मॅक्स लिहिलं जातं.

मर्यादा फार आवळण्यातही धोका आहे. फाइलसिस्टमचं जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, सगळ्यांचं सामाईक असतं. सेकंदाला दोन-चार लिखाणांवर बांधलेली प्रक्रिया मधेच अडकली तर तिच्यामागे डेटाबेसचा कमिटही ताटकळू शकतो. म्हणजे ज्याला वाचवायचं तोच बुडाला. शक्यतो वाचनाला आवळा, लिखाणाला जरा सैल ठेवा.

आता आपल्याकडचा खास विषय, वीज. मशीन धाडकन बंद पडलं आणि डिस्क दोनच्या जोडीने सॉफ्टवेअर रेडमध्ये असतील तर चालू झाल्यावर कर्नल दोन्ही प्रती ताडून बघायला घेतो. हे काम कर्नलचा धागा करतो, तुमच्या कुठल्याही गटात तो नसतो आणि स्लाइसच्या मर्यादा त्याला लागत नाहीत. कॅट /प्रॉक/एमडीस्टॅट केल्यावर रीसिंक दिसलं तर वेग असा उतरवा:

सुडो सिससीटीएल -डब्ल्यू डेव्ह.रेड.स्पीड_लिमिट_मॅक्स=२००००

आकडा किलोबाइटमध्ये आहे, मूळ २००००० असतो. रात्री पुन्हा वाढवा, नाहीतर मोठ्या डिस्कचं ताडणं दिवसेंदिवस रेंगाळतं. रेडला बिटमॅप जोडलेला असेल तर फक्त अर्धवट राहिलेले भागच ताडले जातात आणि काम मिनिटांत उरकतं.

लागू झालं का ते बघणं

सिस्टमडी-सीजीटॉप चालवा आणि आय दाबा, गट डिस्कच्या वापराप्रमाणे लागतात. नेमका हिशेब /सिस/एफएस/सीग्रुप/बॅकअप.स्लाइस/आयओ.स्टॅटमध्ये मिळतो: आरबाइट्स, डब्ल्यूबाइट्स, आरआयओएस, डब्ल्यूआयओएस. दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचा, आरआयओएसची वजाबाकी करा, दहाने भागा. ३० च्या आसपास आलं पाहिजे.

त्याच फोल्डरमधली आयओ.प्रेशर फाइल आणि डेटाबेसच्या गटातली आयओ.प्रेशर शेजारी शेजारी ठेवा. बॅकअपचा आकडा चढलेला दिसेल; तो चढलाच पाहिजे, आपणच त्याला थांबवून ठेवलं आहे. डेटाबेसचा आकडा कागदावर टिपलेल्याच्या खूप खाली आला पाहिजे. तो उतरला नसेल तर फेऱ्या ३० वरून २० करा आणि पुन्हा बघा. २० वर येऊनही फरक नसेल तर आकडा आणखी आवळत बसू नका. चोर दुसराच आहे, आयओटॉप पुन्हा उघडा.